‘लीगल करा’ म्हणणाऱ्यांनो, एकोणिसावी ओव्हर बघा

मंडळी, या वीकेंडला खरं तर डेटाबेसवर लिहिणार होतो. अर्धं लिहूनही झालं होतं. पण शुक्रवारी हापिसात जेवणाच्या टेबलावर एक वाद झाला, त्यात मला धड बोलता आलं नाही. शनिवारी नारपोलीला घरी गेलो, मावशीकडे चहाला बसलो, तरी डोक्यात तोच वाद. तेव्हा डेटाबेस पुढच्या आठवड्यात. आज भांडण.

वाद असा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. टेबलावरच्या बहुतेकांचं मत, हा शुद्ध मूर्खपणा आहे. "बंदीने काय होतं? लीगल करा, टॅक्स घ्या, सगळं उजेडात येईल. अमेरिकेत बघ." त्यावर दुसरा, "लोक आपल्या पैशाने खेळतात, तुझ्या पोटात का दुखतं?" आणि शेवटी हुकमाचं पान, "ज्याला क्रिकेट कळतं त्याच्यासाठी हा जुगार नाहीच. स्किल आहे."

आधीच सांगतो, मी सरसकट बंदीवाला नाही. मॅच कोण जिंकणार यावर कोणी शंभर रुपये लावले तर माझी झोप उडत नाही. विधी आयोगाने २०१८ साली २७६ व्या अहवालात, बंदी राबवता येत नसेल तर निदान नियमन करा, असा सूर लावला होता, तेव्हा मला ते पटलंही होतं. माझं म्हणणं त्याहून लहान आहे आणि मी त्यावरून हटणार नाही. चालू मॅचमध्ये, शेवटच्या ओव्हर्समध्ये, एका बोलरच्या एका ओव्हरवर किंवा एका चेंडूवर लावलेला सट्टा ही मॅचवरच्या सट्ट्याची छोटी आवृत्ती नाही. ते वेगळंच जनावर आहे. लायसन्स गळ्यात बांधलं म्हणून ते पाळीव होत नाही.

आता एकेक मुद्दा घेऊ. हुकमाच्या पानापासूनच सुरुवात करतो, कारण ते आमच्या घरात खेळून झालंय.

माझा एक मावसभाऊ आहे. मी त्याला दादा म्हणतो. नारपोलीत त्यांचा पॉवरलूमचा कारखाना होता, आठ लूम. आठ म्हणजे भिवंडीच्या मानाने काहीच नाही, पण घर चालायचं. दादा दिवसा ताणा-बाण्याचं बघायचा आणि रविवारी टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचा. आमच्या भागात टेनिस क्रिकेट म्हणजे काय हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. दादा त्यात शेवटची ओव्हर टाकायचा. यॉर्कर असा की बॅट खाली यायच्या आत यष्टी गेलेली. टीव्हीवर बोलरचा रनअप बघून हा आता हळू टाकणार की बाउन्सर, हे तो सांगायचा आणि दहातल्या सात वेळा बरोबर यायचं. मी स्वतः मोजलंय.

म्हणजे तुमच्या व्याख्येप्रमाणे स्किल पुरेपूर. आता आठातले चार लूम भंगाराच्या भावाने गेलेत आणि उरलेले चार दुसरा कोणीतरी भाड्याने चालवतो. कापडातली मंदी हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं कारण म्हणजे आयपीएलची सोळावी ते विसावी ओव्हर.

कुठे चुकलं? तर बोलर ओळखणं वेगळं आणि त्या ओव्हरचा भाव ओळखणं वेगळं. दादाला पहिलं येत होतं, पैसे दुसऱ्यावर लागत होते. १२ मे २०१९ची हैदराबादची फायनल आठवा. चेन्नईला १२ चेंडूंत १८ हव्यात, एकोणिसावी ओव्हर बुमराची. जगातला कोणीही शहाणा माणूस म्हणेल की बुमरा कमी देणार. त्याने दिल्या पण कमीच! ब्राव्होला काढला, आणि शेवटचा चेंडू किपरच्या हातून निसटून चार बाय गेले. ओव्हरच्या झाल्या नऊ. बुमरा बरोबर, तुमचा अंदाज बरोबर, पैसे गेले. पुढे मलिंगा. याच मॅचमध्ये सोळाव्या ओव्हरला २० धावा दिलेला माणूस विसावी टाकायला येतो, नऊ धावा वाचवतो आणि शेवटच्या चेंडूवर आपल्या पालघरच्या शार्दूलला पायचीत करून एका धावेने मॅच काढतो. खेळ म्हणून बघा तर सोनं आहे. पण यात ‘मला आधीच माहीत होतं’ म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतोय, नाहीतर हरलेल्या बाकीच्या ओव्हर्स विसरलाय.

आता माझी चूक. ती लिहिल्याशिवाय हा लेख लिहायचा मला अधिकार नाही.

२०२३चा हंगाम सुरू व्हायच्या आधी दादा म्हणाला, "अरे, तू एवढा कॉम्प्युटरवाला, मला काहीतरी बनवून दे ना." मला कोण आनंद! क्रिकशीट नावाच्या साइटवर प्रत्येक मॅचचा चेंडू-चेंडूचा हिशोब फुकट मिळतो. दोन वीकेंड घालवले. बोलर, समोरचा बॅट्समन, मैदान, लागणारा रनरेट, सगळं घालून पुढच्या ओव्हरला किती धावा होतील याचं मॉडेल केलं. जुन्या डेटावर चालवलं तर शंभरात पंचावन्न वेळा बरोबर. मी खूश, दादा त्याहून खूश.

चूक काय होती ते कुठल्याही टेस्टरने पाच मिनिटांत सांगितलं असतं. मी माझा अंदाज तपासला तो ओव्हरच्या सरासरी धावांशी. त्या क्षणी बुकी जो आकडा आणि जो भाव देत होता, त्याच्याशी नाही, कारण त्याचा इतिहास माझ्याकडे नव्हताच. बुमरा चांगला आहे हे मॉडेलला कळलं, पण ते बुकीला आधीच कळलेलं असतं आणि म्हणून त्याचा आकडाही खाली असतो. टेस्ट मीच लिहिली, मीच पास केली. प्रोडक्शनमध्ये मात्र पैसे दादाचे.

तिसऱ्या आठवड्यात त्याने मॉडेल बघणं सोडूनही दिलं. पण "माझ्या भावाने सॉफ्टवेअर बनवलंय" हे तो सांगत फिरत होता, आणि त्या जोरावर रक्कम वाढत होती. हे मला नंतर कळलं. स्किलचा हा गुण लक्षात ठेवा. ते पैसे वाचवत नाही, ते फक्त हिंमत वाढवतं.

बरं, आता गणित. हे सगळ्यांना समजेल, सातवीचं आहे.

समजा ओव्हरच्या आकड्यावर ‘यस’ किंवा ‘नो’, दोन्हीला भाव ९० पैसे. शंभर लावले, जिंकलात तर ९० मिळतात, हरलात तर १०० जातात. समजा दोन्ही शक्यता अर्ध्या-अर्ध्या. दर डावाला सरासरी पाच रुपये तोटा. फक्त बरोबरीत राहायला शंभरातले ५२.६३ डाव जिंकावे लागतात. आता मॅचवर एकदाच शंभर लावणारा संध्याकाळी सरासरी पाच रुपये हरतो. चहा-बिस्किटाचे पैसे, जाऊ द्या. पण शेवटच्या पाच ओव्हर्सच्या प्रत्येक चेंडूवर लावणाऱ्याचे दोन्ही इनिंग मिळून ६० डाव होतात. त्याचा सरासरी तोटा ३०० रुपये. टक्केवारी तीच, वेग साठपट.

मी काल रात्री दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. दहा हजार काल्पनिक फंटर, प्रत्येक जण एका मॅचला शंभर-शंभरचे ६० डाव लावणार. त्या संध्याकाळी नफ्यात घरी जाणारे किती? साधारण पस्तीस टक्के! म्हणजे तीन संध्याकाळींपैकी एक संध्याकाळ तुम्ही जिंकून घरी येता, येताना मुलांना बिर्याणी आणता, आणि घरचे म्हणतात, बघा, कळतंय याला. आता तेच दहा हजार लोक पूर्ण हंगाम खेळू देत, ७४ मॅचेस, ४,४४० डाव. सरासरी तोटा २२,२०० रुपये. हंगामाअखेर नफ्यात उरलेले? दोन. दोन टक्के नाही हो, दोन माणसं.

या दोन आकड्यांमध्येच सगळा धंदा आहे. रोज तिघातल्या एकाला वाटतं की आपल्याला जमतंय, आणि मे महिन्याच्या शेवटी जवळजवळ कोणालाच जमलेलं नसतं. आणि हे सगळं मी अगदी सरळ, प्रामाणिक बुकी धरून केलंय.

आता माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी खास मुद्दा. लाइव्ह सट्टा म्हणजे एक जाणूनबुजून ठेवलेली रेस कंडिशन आहे. मैदानावर चेंडू पडतो. टीव्हीवर तो काही सेकंद उशिरा दिसतो, मोबाईलच्या स्ट्रीमवर त्याहूनही उशिरा. भाव ठरवणाऱ्याकडे मैदानातून थेट बातमी असते. तुम्ही बटण दाबलंत की अॅप गोल गोल फिरतं, म्हणजे दोन-पाच सेकंद थांबतं. तेवढ्यात चेंडू तुमच्या बाजूने गेला की भाव बदलतो आणि तुमचा डाव परत येतो. तुमच्या विरुद्ध गेला की डाव ‘मान्य’. वरच्या गणितात मी अर्धी-अर्धी शक्यता धरली होती, ती इथे संपते. तुमचे जे डाव स्वीकारले जातात, त्यांत तुम्ही चुकलेले डाव जास्त असतात. दादा म्हणायचा, "नशीब बघ ना, बरोबर असलं की नेट अडकतं." नेट नाही रे दादा. कोड आहे तो. कोणीतरी आपल्यासारख्यानेच लिहिलेला, रिव्ह्यू होऊन गेलेला.

आणि मैदानावर खरंच मॅच चालू आहे हे तरी कशावरून? जुलै २०२२ मध्ये गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी एक अख्खी नकली ‘आयपीएल’ पकडली. शेतमजुरांना मॅचला चारशे रुपये देऊन जर्सी घातल्या होत्या, हर्षा भोगल्यांची नक्कल करणारा समालोचक होता, आणि चौकार मारायचा की आउट व्हायचं हे अंपायरला वॉकीटॉकीवरून कळत होतं. सट्टा लावणारे रशियात. हसू येतं वाचून. पण स्क्रीनच्या अलीकडे बसलेल्या प्रत्येकाची अवस्था थोड्याफार फरकाने तीच आहे.

"आपल्या पैशाने खेळतात" हा मुद्दा दोन ओळींत संपवतो. व्हॉट्सअॅपवरून ‘आयडी’ मिळतो, त्यात पॉइंट उधार मिळतात, हिशोब आठवड्याने रोखीत. म्हणजे खेळताना पैसे त्याचे नसतातच, आणि फेडताना मावशीच्या पाटल्या असतात.

आता बोलरकडे या. तुमच्या ‘लीगल करा’चं खरं उत्तर तिथे आहे.

मॅच विकत घ्यायची तर चार-पाच माणसं फोडावी लागतात, त्यात कॅप्टन हवा, आणि तरी सहावा कोणीतरी शतक मारून घोळ घालतो. ओव्हर विकत घ्यायला एकच माणूस पुरतो. चेंडू विकत घ्यायला त्या माणसाचा एक पाय पुरतो. ऑगस्ट २०१०, लॉर्ड्स. पाकिस्तानचे आमिर आणि आसिफ यांनी ठरवून नो-बॉल टाकले, कॅप्टन सलमान बट सामील, आणि २०११ मध्ये लंडनच्या कोर्टात तिघांनाही शिक्षा झाल्या. आमिर तेव्हा १८ वर्षांचा होता. आपल्याकडे मे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तिघांना धरलं. श्रीशांत, चंडिला आणि आपल्या मुंबईचा अंकित चव्हाण. आरोप मॅच हरल्याचा नव्हताच. ठरलेल्या ओव्हरमध्ये ठरलेल्या धावा देण्याचा होता, आणि खूण म्हणून कमरेला टॉवेल वगैरे. जुलै २०१५ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं, हेही इथेच लिहून ठेवतो. पण त्या प्रकरणाने एक गोष्ट सगळ्यांना शिकवली. ओव्हर विकणाऱ्याला मॅच विकावी लागत नाही. तेरा-चौदा धावा तर चांगल्या बोलरलाही पडतात. टीमही जिंकेल, मनाला टोचणारही नाही, आणि पुरावाही सापडणार नाही.

"हो, पण ते सगळं बेकायदेशीर बाजारामुळे!" माहीत होतं, हेच येणार. चला मग अमेरिकेत.

तिथे मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने राज्याराज्यांत खेळांवरचा सट्टा कायदेशीर व्हायचा रस्ता मोकळा झाला. टॅक्स, लायसन्स, नियामक, जाहिराती, तुम्हाला हवं ते सगळं. बेसबॉलमध्ये आपल्या डेथ बोलरसारखा माणूस असतो, क्लोजर. मॅचच्या शेवटी येतो, थोडेच चेंडू टाकतो, आघाडी राखतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडचा नावाजलेला क्लोजर इमॅन्युएल क्लासे आणि त्याच टीमचा लुईस ऑर्टिझ यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये आरोपपत्र आलं. आरोप असा की एखादा चेंडू ‘बॉल’ पडेल की ‘स्ट्राइक’, वेग किती असेल, हे आधी सांगून तसे चेंडू टाकले, आणि सट्टेवाल्यांनी त्यावर चार लाखांहून जास्त डॉलर कमावले. दोघांनीही आरोप नाकारले. ते कोर्ट बघेल. मला त्यात रस नाही.

मला रस आहे पुढच्या घटनेत. आरोपपत्रानंतर दोनच दिवसांत बेसबॉल लीग आणि तिथल्या बड्या कायदेशीर सट्टा कंपन्यांनी मिळून जाहीर केलं की एका चेंडूवरच्या डावाला २०० डॉलरची कमाल मर्यादा, आणि असे डाव इतर डावांना जोडताही येणार नाहीत. का बरं? सगळं तर लीगल होतं! उजेडही होता! माझे मित्र म्हणतील, उजेड होता म्हणूनच तर पकडले गेले. मान्य. संशयास्पद डाव कायदेशीर कंपन्यांच्या नोंदींतून वर आले, हे खरं आहे आणि काळ्या बाजारात ते दिसलंच नसतं. पण उजेडात सगळ्यांना जे दिसलं ते हेच, की एका माणसाच्या हातातल्या एका चेंडूवर बाजार भरवला की तो माणूस विकाऊ होतो. म्हणून ज्यांनी हा बाजार मांडला, त्यांनीच तो आवळला. लायसन्सवाल्याला जे धोकादायक वाटलं, ते तुम्ही मला नारपोलीत स्किल म्हणून विकताय?

आमच्या आजोबांच्या पिढीने मटका बघितला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडे लागायचे. पुढे १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे चिठ्ठ्यांतून, पत्त्यांतून काढायला सुरुवात केली. गिरणगावातले संसार त्यात बसले, मी मटक्याचं गुणगान करत नाहीये. पण मटक्याला निदान ओपन आणि क्लोज होता. मधल्या वेळात माणूस कामावर जायचा, जेवायचा, बायकोच्या शिव्या खायचा, कधीकधी शहाणाही व्हायचा. चेंडूवरच्या सट्ट्यात हा मधला वेळच काढून टाकलाय. आधीचं हरल्याचं कळायच्या आत पुढचा चेंडू तयार.

तर माझी मागणी लहानशी आहे. उद्या कधी हा कायदा बदलला, सट्टा लीगल झाला, तर होऊ दे. पण ओव्हर आणि चेंडू त्यातून बाहेर. मॅच सुरू झाली की दुकान बंद. एवढं मान्य असेल तर मी तुमच्या बाजूने सही करायला तयार आहे. आणि मान्य नसेल, तर मग टॅक्स, उजेड वगैरे गप्पा सोडा. तुम्हाला पाहिजे आहे तो तो वेगच, कारण कमाई त्या वेगातच आहे.

दुसरी मागणी आपल्या लोकांकडे. ते ‘दोन-पाच सेकंद थांब’वालं बटण कोणीतरी लिहितं. ‘शेवटच्या ओव्हरसाठी खास बोनस’चं नोटिफिकेशन कोणीतरी बरोबर १९व्या ओव्हरला लावतं. पगार चांगला असतो, प्रॉब्लेम तांत्रिकदृष्ट्या भारी असतो, मला माहीत आहे, मीही दोन वीकेंड त्याच नशेत होतो. नाही म्हणता येतं. मी म्हटलं नाही, म्हणून सांगतोय.

काल मावशीने चहा दिला, मॉडेलबद्दल एक शब्द बोलली नाही. तिला बहुतेक माहीतच नाही, किंवा माहीत असून बोलत नाही. दादा आता गोडाउनमध्ये सुपरवायझर आहे. बरा आहे. निघताना विचारलं, "दादा, मॅच बघतोस का रे?" म्हणाला, "पंधराव्या ओव्हरपर्यंत बघतो. मग टीव्ही बंद करतो."

ज्या माणसाने आयुष्यभर शेवटची ओव्हर टाकली, तो शेवटची ओव्हर बघत नाही. सोमवारी जेवणाच्या टेबलावर एवढंच सांगणार आहे.

असो. डेटाबेस पुढच्या रविवारी, नक्की.

ता.क. स्क्रिप्ट कोणाला हवी असेल तर पाठवतो. ९० पैशांच्या जागी ९५ घालून बघा, ९८ घालून बघा. भाव जितका चांगला, तितकं बुडायला जास्त दिवस लागतात, एवढाच फरक.